न जुळलेली काजं

मी टेप. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या गळ्यात वर्षानुवर्षं लोंबणारा, पिवळा, कापडी. माप देताना माणसं हमखास पोट आत ओढतात. बाई म्हणायच्या, "श्वास सोडा, मला खरं माप हवंय." ते ऐकून मला भारी ताठा चढायचा.

बाईंची लेक त्यांच्याच हाताखाली तयार झाली. काजांवर तिचा हात असा बसला होता की बघत राहावं. साधी दोऱ्याची नव्हेत, पट्टीची काजं. कापडाला चीर द्यायची, कोपऱ्यात कात्री अगदी टाक्यापर्यंत न्यायची, मग पट्टी आत उलटवून तिचे दोन बारीक ओठ जुळवायचे. कात्री केसभर पुढे गेली की कापड वाया.

एका डॉक्टरीणबाईंचा लोकरी कोट शिवायला होता. काजं लेकीने आपल्या पोलादी पट्टीने आखली, बटणांच्या खुणा बाईंनी माझ्या मापाने केल्या. कोट घालून पाहिला. वरचं बटण बसलं, पण पुढे एकेक सरकत गेलं आणि पोटावर कोट फुगला.

"पोरीने काजांचा घोळ केला," बाई गिऱ्हाइकासमोरच म्हणाल्या.

"आई, मी दोनदा मोजलंय. तुझा टेप बघ एकदा."

"माझा टेप? तुझ्या जन्माआधीपासूनचा आहे तो."

मी फुशारलो.

बाईंनी बटणं हलवली, कोट छान बसला. लेक मात्र उठली ती उठलीच. आता ती औषधांच्या दुकानात काम करते. घरी सुई धरत नाही.

पुढे माझे आकडे दिसेनासे झाले म्हणून बाईंनी नवा टेप आणला. सहज दोघांची टोकं जुळवून आम्हाला टेबलावर पसरलं. मी बोटभर लांब भरलो. रोज ओढून ओढून ताणला गेलो होतो, आणि मला पत्ताही नव्हता. बाईंनी टोकं पुन्हा एकदा जुळवून पाहिली.

लेक कामावरून आल्यावर त्या म्हणाल्या, "चूक टेपची होती गं."

"मला तेव्हाच वाटलं होतं. तू एकदा बघायला हवं होतंस."

"परत बसशील माझ्याबरोबर?"

"नको आई." तिने शांतपणे ताट वाढून घेतलं.

बाई डॉक्टरीणबाईंकडेही जाऊन आल्या. त्यांना काहीच आठवेना. "कसली चूक? कोट तर मस्त आहे," म्हणाल्या. बाई तशाच परतल्या.

मला त्यांनी टाकलं नाही. दोरीसारखं वापरून माझ्यानं चिंध्यांचं गाठोडं बांधलंय. लेक कधी कपाट उघडते, माझ्याकडे बघते. तिने एकदा तरी मला दोन शब्द सुनावावेत, एवढीच माझी विनवणी. पण तिचा राग माझ्यावर कधी नव्हताच.