रिकामा स्लॉट

मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत सुदर्शन सरांचं वर्कशॉप आहे. कंपन्यांनी काढून टाकलेले कॉम्प्युटर तिथे दुरुस्त होतात आणि शाळांना जातात. पुसदहून आलेली वैष्णवी तिथली एकमेव इंजिनिअर. प्रत्येक मशीनवर ती आधी एक छोटी कमांड चालवायची. काळ्या स्क्रीनवर प्रोसेसर, रॅम, डिस्क अशी माहिती ओळीने यायची आणि त्यावरून मशीन द्यायचं की भंगारात काढायचं, ते ठरायचं.

यावेळी आलेल्या मशीनवर मात्र त्या कमांडने चालणारा प्रोग्रॅम प्रोसेसरचं नाव दाखवून क्रॅश व्हायचा. सगळ्यांवर, नेमका तिथेच.

"मशीनच गेलेली असतील," सर म्हणाले. "भंगारवाला उद्या येतोय. त्याला प्रोसेसरचं नाव लागत नाही."

पण मशीन तर व्यवस्थित सुरू होत होती. खडकवासल्याजवळच्या शाळेतल्या नम्रता मॅडम शाळा उघडल्यापासून या मशीनची वाट बघत होत्या. वैष्णवीने उद्यापर्यंतची मुदत मागून घेतली.

प्रोग्रॅमचा कोड कुणालाही बघता येण्यासारखा होता. तिने तो उघडला आणि प्रत्येक पायरीनंतर स्क्रीनवर एक खुणेची ओळ उमटेल असं केलं. गाडी रॅमपाशी अडत होती. एरवी रिकाम्या स्लॉटपुढे, म्हणजे रॅमची पट्टी न बसवलेल्या खाचेपुढे, शून्य यायचं. ही मशीन ती जागा कोरीच सोडत होती. प्रोग्रॅम त्या कोऱ्या जागेत आकडा शोधायला जायचा आणि कोसळायचा.

कोरी जागा आली की पुढचं वाचणं थांबवायचं, असं तिने लिहिलं. क्रॅश थांबला. सर खूश झाले, टेम्पोवाल्याला फोन लावायला निघाले. वैष्णवीने मात्र एक मशीन खोलून पाहिलं. आत रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. स्क्रीनवर एकच दिसत होती, कारण दुसरी रिकाम्या स्लॉटच्या पलीकडे होती.

"आता चालतंय ना?" सरांनी विचारलं.

"चालतंय, पण खोटं सांगतंय. असं नाही द्यायचं."

सरांनी फोन खिशात ठेवला.

तिने तो भाग पुसून नव्याने लिहिला. कोरी जागा म्हणजे रिकामा स्लॉट, तसं दाखवायचं आणि पुढे जायचं. जेवणाचा डबा तसाच राहिला. संध्याकाळपर्यंत सगळी मशीन पुन्हा तपासून झाली. एकाची रॅम खरोखरच खराब निघाली. ते तिने स्वतःच बाजूला काढलं, बाकीची शाळेसाठी टेम्पोत चढली.

दुरुस्ती तिने प्रोग्रॅमच्या मूळ लेखकाला पाठवली. पियुष नावाचा तो माणूस बंगळुरात असतो. अशी मशीन असतात यावर त्याचा आधी विश्वासच बसेना. तिने मशीनने दिलेली माहिती, कोऱ्या जागेसकट, जशीच्या तशी पाठवली, तेव्हा त्याने दुरुस्ती स्वीकारली. सोबत विचारलं की बॅटरी काढलेल्या लॅपटॉपवरही प्रोग्रॅम असाच बंद पडतो, कारण सापडत नाही; तुम्ही बघाल का?

वैष्णवीने कपाटातून एक जुना लॅपटॉप काढला, त्याची बॅटरी सोडवली आणि खुर्ची पुढे ओढली.