दोन स्वभावांच्या धमन्या

कोरिन शेफरने तिसऱ्या परीक्षकाचं पत्र कॉफीच्या खोलीतल्या फ्रिजच्या दारावर, चीजच्या तुकड्याच्या आकाराच्या चुंबकाखाली लावलं आणि लाल पेनाने त्यातल्या व्याकरणाच्या चुका काढायला घेतल्या. चौथ्या ओळीपर्यंत पाच सापडल्या. तिला बरं वाटलं.

जर्नलने नेमलेल्या पहिल्या दोन परीक्षकांनी तिचा पेपर डोक्यावर घेतला होता. पहिल्याने तर इतकी स्तुती केली होती, की तो प्रयोगशाळेच्या प्रमुखाचा, डॉक्टर रासमुसेनचा, जुना विद्यार्थी असावा किंवा नातेवाईक तरी. तिसऱ्याने मात्र एकच मागणी केली होती: नर आणि मादी उंदरांचे आकडे वेगवेगळे द्यावेत.

"हा माणूस घरी टपालाची तिकिटं जमवत असणार," कोरिन फ्रिजला म्हणाली.

तेवढ्यात खुद्द रासमुसेन कप घेऊन दुधासाठी आला. कप अर्धा हिरवा, अर्धा लाल होता. असे चाळीस कप त्याने स्वतःच्या सिद्धान्ताच्या नावाने बनवून घेतले होते आणि मिलवॉकीत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या गळ्यात तो एकेक मारत असे.

"काय म्हणतोय तिसरा?"

"नर-मादी वेगळे करून मागतोय."

"देऊन टाक गं. दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवू नये."

रासमुसेनने गेल्या पंधरा वर्षांत उंदराला हात लावला नव्हता. उंदरांबद्दल तो अशा थाटात बोले, जसा परगावी राहणारा जमीनदार कुळांबद्दल बोलतो.

प्रश्न तसा जुना होता. उंदराला चार महिने तुपकट खाणं घातलं की त्याच्या धमनीच्या भिंतीला आतून फुगवटा येतो आणि त्या फुगवट्यात स्नायूसारख्या पेशी ठाण मांडून बसतात. त्या येतात कुठून? भिंतीच्याच लेकी, की रक्ताबरोबर वाहत आलेल्या उपऱ्या? हे ओळखायला कोरिनकडे उंदरांची एक खास जात होती. त्यांच्या सगळ्या पेशी लाल चमकत. खाणं सुरू करण्याआधी पाच दिवस औषध टोचलं, की भिंतीतल्या स्नायूपेशी तेवढ्या हिरव्या होत, आणि त्यांची पोरंबाळंही जन्मभर हिरवीच राहत. चार महिन्यांनी कापून बघायचं. हिरवी ती घरची, लाल ती बाहेरची.

अठ्ठेचाळीस उंदीर कापले. निम्म्यांत फुगवटा जवळजवळ सगळा हिरवा होता. उरलेल्या निम्म्यांत हिरवं औषधालाही नव्हतं.

दुसरा कोणी असता तर घाबरला असता. रासमुसेनने सिद्धान्त मांडला. त्याचं म्हणणं, धमन्यांचे दोन स्वभाव असतात: एक घरकोंबडी, दुसरी धर्मशाळा. टाळ्या पडल्या. कपही आले. कोरिनला हा सिद्धान्त पहिल्या दिवसापासून खुळचट वाटत होता. पण पेपरवर पहिलं नाव तिचं होतं, आणि तो छापून आला तर मिनेसोटातल्या एका कॉलेजात प्राध्यापकाची जागा तिची वाट बघत होती. खुळ्या माणसाच्या घोड्यावर बसून का होईना, माणूस गावाला पोचतो, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

दुपारी तिने आकड्यांचा तक्ता उघडला. मोजणाऱ्याचं मन कुठे झुकू नये म्हणून नर-मादीचा रकाना तिनेच तीन वर्षांपूर्वी झाकून ठेवला होता, आणि तो तिथे आहे हेही ती विसरून गेली होती. तिने तो उघडला.

नर. ब्याण्णव टक्के, चौऱ्याण्णव, एक्याण्णव.

मादी. शून्य, शून्य, शून्य.

असं चोवीस वेळा शून्य. कोरिनने आधी संगणकाला शिवी दिली. त्याने काही बदल होईना, तेव्हा ती तळघरात उंदीरघराकडे निघाली, कारण शिव्या खायला तिथे बर्नी वॉइचिक होती.

बर्नी एकसष्ट वर्षांची. एकोणतीस वर्षं ती उंदीर शेपटीने उचलून, एका नजरेत नर की मादी ते सांगून पिंजऱ्यात टाकत आली होती. तिचं मत आजवर कोणी विचारलं असेल तर ते शुक्रवारचे तळलेले मासे कुठे चांगले मिळतात याबद्दल.

"बर्नी, तू माद्यांच्या पिंजऱ्यांत काही घोळ घातलायस का?"

"कसला घोळ?"

"माद्यांत हिरवं काहीच नाहीये."

"नसणारच की." बर्नीने हातातली मादी उलटी करून पाहिली आणि परत ठेवली. "अगं पोरी, ती हिरवी खूण वाय गुणसूत्रावर बसलीये ना. बापाकडून मुलाला जाते. मुलीला कुठून मिळणार?"

"कोण म्हणतं?"

बर्नीने हनुवटीने बेसिनकडे दाखवलं. नळाच्या वर प्लास्टिकमध्ये बंद केलेला एक कागद चिकटवलेला होता. ज्या प्रयोगशाळेतून ही जात आली तिने पाठवलेल्या सूचनांचं दुसरं पान. पहिलं पान कोरिनच्या फायलीत होतं. दुसऱ्याखाली ती चार वर्षं हात धूत होती.

"पण सुरुवातीला मी स्वतः तपासलं होतं," कोरिन म्हणाली. "तीन वेतं. एकूण एक पिल्लात खूण सापडली होती."

"तपासायला मी तुला नरांच्याच शेपट्यांची टोकं दिली होती. या जातीत माद्यांची कोण तपासतं? सगळं जग नरच वापरतं."

एकूण एक पिल्लात खूण आहे म्हणून कोरिनने पुढे तपासणं बंद केलं होतं. आणि मग वरून फतवा आला की प्रयोगात नर-मादी समसमान हवेत. तिने समसमान घेतले.

"मग मला बोलली का नाहीस?"

बर्नीने पिंजऱ्याला पाण्याची बाटली लावली, हात धुतले, ते पुसले आणि फळीवरून बुटांचा खोका काढला. पिंजऱ्यांवरची जुनी कार्डं होती. तिने बोट फिरवत एक ओढून काढलं. वर पेन्सिलीने, शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: *माद्या कशाला? यांच्यात खूण नाही. – बर्नी.* खाली हिरव्या शाईत: *नियम आहे, दोन्ही लागतात. तू पिंजरे बघ, विज्ञान आम्ही बघतो.* तारीख. कोरिनची सही. आणि शेजारी एक हसरा चेहरा.

"चेहरा हसरा होता," बर्नी म्हणाली, "म्हणून मी राग नाही धरला."

कोरिन वर गेली. रासमुसेन खिडकीपाशी उभा राहून शुक्रवारच्या मेजवानीतलं भाषण पाठ करत होता. पेपर जवळजवळ मंजूर झाल्याबद्दल अख्खी प्रयोगशाळा मासे खायला जाणार होती.

"डॉक्टर, नर सगळे हिरवे आहेत. माद्या सगळ्या शून्य."

त्याने मागे वळून पाहिलं. क्षणभर कोरिनला वाटलं, हा आता खाली बसेल. तो वर उठल्यासारखा झाला, म्हणजे होता त्याहून उंच दिसायला लागला.

"म्हणजे स्वभाव नर-मादीवर ठरतो!"

"तसं नाहीये, ती खूण मुळात–"

"मादीची धमनी परक्याला घरात घेते! नराची दार लावून बसते!" त्याने टेबलावर थाप मारली. "माझी पहिली बायको अगदी अशीच होती. कोणीही यायचं, राहायचं. कोरिन, हे याहून मोठ्या जर्नलला जाणार. पहिलं नाव तुझंच. मिनेसोटाचं काय घेऊन बसलीस, लोक तुझ्या दारात रांग लावतील."

"डॉक्टर, ऐका तर–"

"शुक्रवारी जाहीर करतो. कप बदलावे लागतील. निळा-गुलाबी कसा वाटतो?"

त्याला थांबवायला एकच वाक्य पुरलं असतं, आणि त्याच्या पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग या माद्या आणल्या कोणी?

"गुलाबी लवकर मळतो," ती म्हणाली आणि बाहेर आली.

दोन दिवस तिने कोणालाच शिवी दिली नाही. कॉफीच्या खोलीत तिने तिसऱ्या परीक्षकाचं पत्र पुन्हा वाचलं. तिने काढलेल्या पाच चुकांपैकी दोन चुका नव्हत्याच. स्वतःच्या लाल खुणांवर तिने काट मारली, त्यामुळे कागद आणखीच घाण दिसायला लागला.

शुक्रवारी सकाळी ती तळघरात गेली.

"बर्नी, ते कार्ड मला द्याल का तुम्ही?"

बर्नीने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं; उंदराकडे बघते तसंच, पण थोडा जास्त वेळ. मग खोका काढला.

"परत आणून दे हं. ठेवावी लागतात ती. आणि संध्याकाळी डॉक्टर म्हणतोय त्या हॉटेलात जाऊ नका. तिथलं तेल शिळं असतं."

दहा वाजता रासमुसेन कप घेऊन आला. कोरिन टेबलाशी बसली होती, समोर तिसऱ्या परीक्षकाला लिहिलेलं उत्तर होतं, चार ओळींचं. रासमुसेनने फ्रिजच्या मुठीला हात घातला आणि तो तसाच राहिला. चीजच्या चुंबकाखाली आज पत्र नव्हतं. त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

"विज्ञान आम्ही बघतो," त्याने मोठ्याने वाचलं. "कोण हा शहाणा?"

कोरिन उठली. तिने दार उघडून दूध काढलं, त्याच्या कपात ओतलं, बाटली परत ठेवली. दार लावताना कार्ड तिरकं झालं होतं, ते तिने सरळ केलं.

"तारखेखाली सही आहे," ती म्हणाली.