गाडीमायला नेसवलेलं रेशीम

राणीचा अध्याय यंदा आमच्या घराकडे आला होता. चौथ्या महिन्यात विहारात बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या कथेचे तेरा अध्याय गायले जातात. एकेका घराने एकेक घ्यायचा, आणि सूर्य मावळायच्या आत तेराही पुरे व्हायला हवेत; एक राहिला तरी साऱ्या गावाचं पुण्य अर्धवट. रानात गेलेली राणी मुलांच्या ओढीने परत निघते, वाट अडलेली असते, आणि पोचते तर मुलं नाहीशी झालेली, तो हा नववा अध्याय. माझी आई तो ऐकताना उपरण्याचा बोळा तोंडाशी धरून रडायची. तिच्या नावाने तो एकदा गायला जावा, म्हणून मी तीन वर्षं थांबले होते. आणि गायचा तो डोंगरापलीकडच्या भन्ते प्रासितांनीच. त्यांचा आवाज लागला की समोरच्या मेणबत्त्यासुद्धा हलत नाहीत.

त्यांना आणायला मी आणि सुबिन, म्हणजे आमचे हे, आमची नवी पिकअप घेऊन निघालो. नवी आपली आम्हाला; आधी दोन मालक झालेली. पण दुसऱ्याच्या घरची लेक आपल्यात आली की तिचा मान ठेवावा लागतो. प्रत्येक गाडीत तिला राखणारी माय, म्हणजे देवी, राहते. आरशाला मोगऱ्याचा हार होताच, पण माय राहते खरी इंजिनाशी. म्हणून तिकडे पोचल्यावर सुबिन भन्तेंना आणायला आत गेले, तेवढ्यात मी बॉनेट उघडलं आणि नावेच्या पुढच्या टोकाला बांधतात तसं तिरंगी रेशीम एका जाड काळ्या नळीच्या तोंडाशी छान फुलासारखं बांधून दिलं. सुबिनना बोलले नाही. पुण्य काय सांगून करायचं?

भन्तेंचा नेम असा, की गायनाच्या दिवशी आसनावर बसेपर्यंत मौन. परतीच्या वाटेवर ते पुढे बसून ज्येष्ठमध चघळत होते. मी मागे.

चढ लागला, सुबिननी पाय दाबला आणि गाडीतला जीवच गेला. इंजिन सुरू, आवाज चालू, पण ओढच नाही. कोबीचा ट्रक आम्हाला मागे टाकून गेला. मग एक म्हातारी गेली, सायकल हातात धरून, चालत.

"अहो, दाबा ना!"

"तळाला टेकलाय पाय! आता काय खाली भोक पाडून रस्ता ढकलू?"

गाडी बाजूला घेऊन बंद केली. मी बॉनेटवर केळं आणि चिकट भाताचा गोळा ठेवून माफी मागितली. किल्ली फिरवली, गाडी सुरळीत!

"पाहिलंत? भुकेली होती बिचारी."

पुढच्या चढाला पुन्हा तेच. या खेपेला लाल सरबताची बाटली दिली. पुन्हा सुरू. तिसऱ्या चढाला पुन्हा गचका.

"तुझ्या मायला आता जेवणानंतरचं काय हवंय ते विचार," सुबिन म्हणाले.

तेवढ्यात भन्तेंनी बॉनेटकडे बोट केलं, मग स्वतःचं नाक चिमटीत धरलं, गाल फुगवले, डोळे मोठे केले.

"अगंबाई, घाटाने भन्तेंना मळमळतंय!" मी कापूर-पुदिन्याची हुंगायची नळी काढली. बाईमाणसाने भन्तेंच्या हातात काही द्यायचं नसतं, म्हणून ती सुबिनकडे दिली, त्यांनी भन्तेंना. भन्तेंनी नळीकडे पाहिलं, आमचं मन राखायला एकदा हुंगली आणि पुन्हा नाक चिमटीत धरलं.

"दुसरी नाकपुडी राहिली वाटतं," सुबिन म्हणाले.

खाली दरीतून आमच्या विहाराचा कर्णा ऐकू आला. आठवा अध्याय संपला होता. "नववा अध्याय, लमाईचं घर! लमाई, कुठे आहेस गं?"

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. आई, तुझ्यासाठी एवढंही माझ्या हातून होईना.

भन्ते दार उघडून उतरले. चीवर खोचलं, बॉनेट उघडलं, कान लावून उभे राहिले आणि सुबिनना पाय दाबायची खूण केली. आतून कोणीतरी उशीखाली घोरावं तसा आवाज आला. आणि भन्तेंचं मौन सुटलं.

"लमाई! हिच्या नाकात हे एवढं रेशीम कोणी कोंबलं?"

"नाकात नाही भन्ते. गळ्याशी बांधलं होतं, मानाचं."

"ही हवा ओढायची नळी आहे, बाई! पाय दाबला की रेशीम आत जातं, बंद केली की सुटतं. तू भात वाढतेस, तेवढ्यात ती श्वास घेते आणि तुला वाटतं प्रसन्न झाली! चीवर घेण्याआधी वीस वर्षं उसाचा ट्रक हाकलाय मी."

भन्तेंसमोर हसायचं कसं, म्हणून सुबिन खोकत राहिले.

"भन्ते, तुमचं मौन..." मी म्हणाले.

"गेलं ते. सुबिन, गाडी हाण आता!"

मी रेशीम सोडून घेतलं आणि गाडी अशी सुटली, की कोबीच्या ट्रकलाही आम्ही वाटेत गाठलं.

भन्ते आसनावर बसले तेव्हा ऊन अजून पायरीवर होतं. आवाज थोडा खरखरत होता, पण लागला. राणीची वाट सिंह, वाघ, बिबट्या अडवतात, तिथे त्यांनी पदरचं एक कडवं घातलं: एका लेकीने आईच्या मायेपोटी गाडीच्या नाकात रेशीम घातलं, तेव्हा वाघसुद्धा म्हणाले, आमची इथे काय गरज? सारं गाव वळून माझ्याकडे बघत हसलं. त्या हसण्यातच त्यांनी सूर खाली उतरवला. राणी झाडांना विचारू लागली, माझी लेकरं पाहिलीत का? हसता हसता बायकांनी डोळ्यांना हात लावले.

माझ्या तोंडाशी केव्हा बोळा गेला, कळलंच नाही. तेलकट वास आला तेव्हा पाहिलं, तर तेच तिरंगी रेशीम.

सुबिन हळूच कानाशी वाकले. "काढ ते नाकावरून, लमाई. अजून चार अध्याय ऐकायचेत."