चेतनाचं दार

कांजूरमार्गच्या वस्तीत द्रौपदीताई दमलेल्या आयांच्या मदतीला जायच्या. त्या आयांचा राग पोरांवर निघू नये म्हणून. या कामाचं सरकारी अनुदान चालू ठेवायचं का, हे बघायला अधिकारी मॅडम आल्या होत्या. इतक्यात शेजारून चेतनाचा ओरडा आणि तिच्या तान्ह्याचं रडणं ऐकू आलं. मॅडमना तिथंच सोडून द्रौपदीताई धावल्या.

"दे गं, मी घेते त्याला. तू चार घास खा आधी."

"ताई, आज हात उठलाच असता माझा," चेतना हुंदके देत म्हणाली.

"पण नाही ना उठला?"

मागोमाग आलेल्या मॅडम दारातून बघत होत्या. चेतना जेवेपर्यंत त्यांनीच बाळ खांद्यावर घेऊन थोपटलं.

अनुदान मंजूर झालं, तेही दोन वस्त्यांसाठी. दुसऱ्या वस्तीतल्या आयांच्या मदतीला जायला चेतना तयार झाली.