कार्डांचा धडा

"तशीच छापू की नवी आवृत्ती काढू? एवढंच सांगा, बाई." प्रकाशक अर्जुनरावांनी बशी खाली ठेवली आणि पुस्तक पुढे सरकवलं.

इंद्रायणीने कस्तुराच्या कपाळावरचा हात काढला नाही. लेकीला तापात आकडी आली, तेव्हापासून तो हात तिथेच असायचा. दुसऱ्या हाताने तिने पुस्तक उघडलं. लग्नाआधी पिंपरीतल्या कंपनीत ती कॉम्प्युटरवर पगाराचे प्रोग्रॅम लिहायची. कोबोल ही कॉम्प्युटरची भाषा मराठीतून शिकवणारं, तिने लिहिलेलं हे पुस्तक तेव्हाचं. त्यात सबंध एक धडा पंच कार्डांचा, म्हणजे भोकं पाडून प्रोग्रॅम लिहायच्या जाड कागदी कार्डांचा होता. एका ओळीला एक कार्ड; गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीने तिरकी रेघ ओढून ठेवा, म्हणजे गठ्ठा हातातून सांडला तरी रेघ जुळवून कार्डं पुन्हा लावता येतात.

"आता कार्डांऐवजी टीव्हीसारखी पडदेवाली मशिनं आलीत म्हणे," अर्जुनराव म्हणाले. "तुम्हाला जमणार नसेल तर पुण्यातले एक प्राध्यापक तयार आहेत. पण पुस्तक तुमचं, म्हणून आधी तुमच्याकडे आलो."

"उद्या सांगते."

ते गेल्यावर तिचा नवरा भीमराज म्हणाला, "अगं, कंपनीत जाऊन बघून ये की. माझी सेकंड शिफ्ट आहे, तोवर मी बसतो हिच्यापाशी."

"आणि ताप चढला तर?"

"तर पट्ट्या ठेवीन. मला काय हात नाहीत?"

कंपनीतल्या कॉम्प्युटरच्या थंडगार खोलीत कार्डांना भोकं पाडणारी मशिनं कुठेच दिसेनात. नवीन लागलेली प्रभावती नाव ऐकताच लगबगीने उठली. "इंद्रायणीताई? अहो, तुमच्याच पुस्तकावर शिकले मी!"

तिची प्रत हाताळून मऊ पडली होती. समासात जागोजाग पेन्सिलीने लिहिलेलं : हे आता चालत नाही, इथे असं करायचं. कार्डांच्या धड्याची पानं मात्र करकरीत.

"तो आम्ही सोडूनच देतो," प्रभावती ओशाळली. "बसा ना, ताई."

इंद्रायणी पडद्यापुढे बसली. पहिली ओळ बोटांतून सरळ उतरली. ओळ संपली आणि उजवा हात आपसूक बाजूला गेला, पुढचं कोरं कार्ड घ्यायला. तिथे नुसतं टेबल होतं.

"एंटर दाबायचं," प्रभावती हळूच म्हणाली.

तिने दाबलं. ओळ वर सरकली. मग आणखी एक, मग आणखी एक. कुणी हाक मारू नये, असं तिला वाटलं. तेवढ्यात घड्याळ दिसलं; भीमराजची शिफ्टला निघायची वेळ झाली होती. चप्पल पायात सरकवत ती बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी ती अर्जुनरावांना म्हणाली, "नवीच काढा."

"मग घेताय ना लिहायला?"

तिने कस्तुराकडे पाहिलं. "त्या खोलीत रोज बसल्याशिवाय नाही लिहिता येणार. पण प्राध्यापकांना नको. कंपनीतल्या प्रभावतीला द्या. तिने निम्मं समासात लिहूनच ठेवलंय."

"आणि कार्डांचा धडा?"

"काढून टाका."

संध्याकाळी वीज गेली. कस्तुरा घामेजून कुरकुरू लागली. इंद्रायणीने फळीवरचा आपल्या जुन्या प्रोग्रॅमच्या कार्डांचा गठ्ठा खाली घेतला आणि मधूनच मूठभर कार्डं ओढली. कडेवरची तिरकी रेघ तिथे तुटली. त्या कार्डांनी ती लेकीला वारा घालत बसली.