पुढच्या वर्षीचं माप

माणसाची कंबर त्याच्या जन्माआधीच ठरलेली असते, असं शिंप्याने अख्ख्या मानवजातीला उद्देशून जाहीर केलं. मात्र त्या वेळी तोंडात सहा टाचण्या असल्यामुळे मानवजातीपर्यंत नुसतं ‘म्म्म’ पोचलं. टाचण्या काढून तो पुन्हा बोलला तेव्हा त्या पाचच भरल्या, आणि सगळं घर कंबरेचा विचार सोडून सहावी टाचणी शोधायला लागलं.

स्टुलावर उभ्या असलेल्या त्याच्या पंधरा वर्षांच्या लेकीला ते ‘म्म्म’ तोंडपाठ होतं. भिंतीवरच्या खिळ्यांना घराण्यातल्या सगळ्यांचे खाकी कागदाचे नमुने टांगलेले होते: आजोबा, काका, दोन्ही आत्या, थोरला भाऊ. पंखा लागला की अख्खं घराणं पोट हलवत डोलायचं. सोळा पुरी झाली की या घरातलं माणूस सुटतं, हा तीन पिढ्यांचा अनुभव. म्हणून घरच्या पंधरा वर्षांच्या पोराचं आजचं माप शिंपी घेतच नसे. पुढच्या वर्षीचं अंदाजाने कापून मोकळा व्हायचा. कापड वाया जायला नको, आणि लेकरू आवळलं जायला नको.

लेकीला मात्र एकच हवं होतं. ती आज आहे तेवढाच झगा.

त्याच सुमाराला शाळेत तपासणीचं पथक आलं आणि मुलांची लाळ नळ्यांत भरून घेऊन गेलं. महिन्याभराने डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, की वजन वाढवायला टपलेला एक जनुक तिला आईबापांकडून, दोन्ही बाजूंनी मिळालाय. घरी हे कळताच आईने आपल्या बाजूची जबाबदारी झटकली, आणि शिंप्याची छाती इंचभर फुगली. त्याने ती मोजली.

बाईंचं पुढचं बोलणं ऐकायला तो थांबला नाही. लेकीने ते जपून ठेवलं होतं. “तो नुसता आग्रह करतो गं. रोज तासभर अंग हलवलंस तर त्याचा आवाज बराच खाली येतो. बंद नाही होत.”

शिवलेले कपडे पोचवायचं काम तिने मागून घेतलं, सायकल भावाच्या गळ्यात मारली आणि ती पायी निघाली. सकाळी चढाचा रस्ता धुक्यात बुडालेला असे. दुकानं अर्धी झोपेत, दिवे मिणमिणते. बापाने शिवलेल्या ढगळ झग्यात वारा शिरला की तो शिडासारखा भरायचा, आणि आपले पाय जमिनीला लागताहेत की नाही, हे तिचं तिलाच कळेनासं व्हायचं. झग्यातल्या उरलेल्या जागेत पुढच्या वर्षीची ती चालतेय, असं तिला वाटे. एका वर्षाने मोठी, म्हणून ही तिला अहो-जाहो करी. दमलात का, असं विचारी. ती नुसती धापा टाकी. पुढे पुढे तिचे खाडे वाढत गेले. एके दिवशी मुलगी वळणावर तिची वाट बघत थांबली, धुकं विरलं, आणि रस्त्यावर कुणीच नव्हतं.

सोळा पुरी झाली त्या दिवशी शिंप्याने टेप लावली. उंची दोन बोटं वाढलेली, पोटऱ्या टणक. बारीक काही ती झाली नव्हती. घराण्याचा बांधा जागच्या जागी होता. पण कंबर जेमतेम अर्धा इंच पुढे सरकली होती. त्याने तीनदा मोजलं. टेपच ताणली गेली असेल म्हणून ती स्वतःभोवती गुंडाळून पाहिली. टेप बिचारी प्रामाणिक निघाली.

“रोज चढ चढते पोरगी,” आई म्हणाली. “आणि तुम्ही इथे बसल्या बसल्या तिची कंबर ठरवताय.”

शिंपी भिंतीकडे बघत राहिला. “मग वर्षापूर्वी मी कापलं ते कुणाचं?”

“अंदाजाचं, बाबा,” लेक म्हणाली. “आता माझं कापा.”

त्याने खडू उचलला. घरच्या लेकराचं आजचं माप त्याच्या हातून पहिल्यांदाच कापडावर उतरत होतं, आणि भावनेच्या भरात त्याने सूतभरही सैल ठेवलं नाही.

लेकीने झगा चढवला. आरशात ती एकटीच होती, पूर्ण, आजची. आई हातातलं काम टाकून दारात उभी राहिली. शिंप्याने कात्री खाली ठेवून डोळे पुसले. लेकीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं; पण बोलण्याआधी श्वास आत घ्यावा लागतो, आणि तो जाईना.

“बाबा,” ती अगदी हळू म्हणाली, “काखेत बोटभर सैल कराल का?”