जुन्या वाचकाचा सत्कार

“प्रतिक्रिया किती?” कार्यवाहांनी विचारलं.

“शून्य,” देवघेवीच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला.

“म्हणजे मागच्या महिन्याइतक्याच?”

“हो. घट नाही.”

कार्यवाहांनी इतिवृत्तात ‘घट नाही’ असं लिहून घेतलं.

ग्रंथालयाचा ब्लॉग सुरू होऊन चार महिने झाले होते. कार्यवाह एका कार्यशाळेला गेले होते आणि येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या होत्या: एक पिशवी आणि ब्लॉग परिणामकारक कसा करावा याचं चार पानी टिपण. नियमित लिहा, थोडक्यात लिहा, वाचकाशी बोला, असं त्यात होतं. कार्यकारिणीने टिपण एकमताने मंजूर केलं आणि त्यातलं एकही वाक्य अमलात येणार नाही अशी चोख व्यवस्था केली. प्रत्येक मजकूर आधी मासिक सभेत वाचला जाई. पहिला मजकूर म्हणजे अध्यक्षांचं मनोगत, सोबत अध्यक्षांचीच चौदा छायाचित्रं. उद्घाटनाला संगणकाच्या पडद्यावर फीत बांधून ती कापली होती. कात्रीचा चरा पडद्यावर अजून आहे. ब्लॉगचा डोळ्यांना दिसलेला परिणाम तेवढाच.

मजकूर टंकायचा, चढवायचा आणि कुणी वाचत नाही म्हणून बोलणी खायची, हे काम कारकुनाचं. अठ्ठावीस वर्षं तो त्या खिडकीत बसत होता. पुस्तक कितपत वाचून परत आलंय हे त्याला पानांच्या कोपऱ्यांवरून कळे. कार्यकारिणीच्या अकराही सदस्यांकडून पुस्तकं नेली तशीच कोरी परत येत. त्यामुळे त्यांच्याविषयी त्याचं मत पक्कं होतं. ते कुणी विचारलं मात्र नव्हतं.

न विचारता त्याने एकदाच तोंड उघडलं होतं. तळमजल्यावरचा वाचनकक्ष दुसऱ्या मजल्यावर न्यायचा आणि खाली सभागृह करायचं घाटत होतं.

“साहेब, सकाळी पेपर वाचायला येणारे निम्मे म्हातारे आहेत. जिना चढणार नाहीत. यायचेच बंद होतील.”

“तुम्हाला कुणी विचारलं?” अध्यक्ष त्याच्याकडे न बघता म्हणाले होते. “तुम्ही खिडकी सांभाळा.”

आता कार्यवाह म्हणाले, “पुढच्या सभेपर्यंत पाच प्रतिक्रिया पाहिजेत. कुठूनही आणा.”

‘कुठूनही’ हा शब्द इतिवृत्तात आला, म्हणजे हुकूमच झाला. संध्याकाळी कारकून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी फोन घेऊन बसला. समोर बायको मटार सोलत होती.

“अहो, एवढं कुणाला लिहिताय?”

“मलाच.”

“आणि उत्तर?”

“तेही मीच देणार. ग्रंथालयातर्फे.”

“बाई गं! माझ्याशी दिवसाला चार शब्द बोलायची मारामार, आणि स्वतःशी पत्रव्यवहार!”

खाली त्याने सही केली: एक जुना वाचक.

छायाचित्रं फार होतात, असं जुन्या वाचकाने लिहिलं. दुसऱ्या दिवशी चौदापैकी बारा उतरली. पुस्तकांबद्दल काही लिहा, असं त्याने सुचवलं. ग्रंथालयाच्या ब्लॉगवर पुस्तकांबद्दल लिहिण्याची कल्पना सभेला धाडसी वाटली, पण मंजूर झाली. मग कारकुनाने एका रहस्यकथेवर लिहिलं. तिचं शेवटचं पान कधीच फाटून गेलं होतं आणि आतल्या पुठ्ठ्यावर तीन वाचकांनी पेन्सिलीने तीन वेगवेगळे खुनी लिहून ठेवले होते. त्यावर सतरा खऱ्या माणसांनी लिहिलं. दोघांनी चौथा खुनी सुचवला.

हात बसल्यावर जुना वाचक वाचनकक्षावर आला. कार्यवाहांनी सभेत उभं राहून वाचलं: ‘ज्यांना आज जिना चढवत नाही, त्यांनी या ग्रंथालयाला चाळीस चाळीस वर्षं दिली. त्यांनाच बाहेर काढलंत, तर नव्या सभागृहात बसवणार कुणाला?’

“काय भाषा आहे!” अध्यक्ष म्हणाले. “याला म्हणतात विचार.”

“ओळखतो मी त्यांना,” उपाध्यक्ष म्हणाले. “निवृत्त न्यायाधीश आहेत.”

“छे हो, कुलगुरू होते,” खजिनदार म्हणाले. “आमच्या मेहुण्यांच्या शेजारी राहतात.”

सभागृहाचा ठराव तहकूब झाला. ब्लॉगच्या वर्धापनदिनी जुन्या वाचकाचा सत्कार करायचा आणि वाचनकक्ष खालीच राहणार, हे त्यांच्यासमोर जाहीर करायचं ठरलं.

“आणि कुणी भलताच निघाला तर?” खजिनदारांनी शंका काढली. “एखादा कारकूनबिरकून?”

“मग सभागृहाचा ठराव आहेच की!” अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. कारकूनही हसला. ते त्याच्या कामातच मोडत होतं.

घरी बायको म्हणाली, “सांगून टाका ना. एकदा तरी तुमचं नाव घेतील.”

“घेतील. आणि म्हाताऱ्यांना जिना दाखवतील.”

मानपत्रही त्यालाच लिहायला दिलं, कारण अक्षर त्याचंच बरं. ‘आपल्या व्यासंगापुढे आम्ही नतमस्तक आहोत’ हे वाक्य कार्यवाहांनी सांगितलं. त्याने ते घोटून, वळणदार लिहिलं.

ब्लॉगवरूनच दिलेल्या निमंत्रणाला सत्काराच्या सकाळी जुन्या वाचकाचं उत्तर आलं: प्रकृती साथ देत नाही, वाचनकक्षाचा निर्णय जाहीर करावा, तोच माझा सत्कार. अध्यक्षांनी ते कापऱ्या आवाजात वाचलं आणि निर्णय जाहीर केला. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“हे मानपत्र आता...” अध्यक्ष उपाध्यक्षांकडे वळले. “तुमच्या परिचयाचे ना?”

“हो, पण हल्ली ते कुणाला भेटत नाहीत.”

खजिनदारांचे मेहुणे नुकतेच घर बदलून गेले होते. पोचवायची वेळ आल्यावर ओळख कुणाचीच उरली नाही.

“देवघेववाले, तुम्ही या,” अध्यक्ष म्हणाले. “त्यांच्या वतीने घ्या.”

तो मंचावर गेला. छायाचित्रकार म्हणाला, “मानपत्र जरा वर धरा. अजून वर. हां, चेहरा नकोच आहे.”

“जपून ठेवा,” कार्यवाहांनी बजावलं. “घरी नेऊ नका. येतील ते कधीतरी.”

दुसऱ्या दिवशी कारकुनाने छायाचित्र ब्लॉगवर चढवलं: एक मानपत्र, दोन हात. तेवढ्यात वाचनकक्षातले एक आजोबा काठी टेकत खिडकीशी आले.

“त्या जुन्या वाचकांना आमचा नमस्कार कळवा हो.”

“कळवतो.”

आजोबा पेपराकडे वळले. कारकुनाने विसरलेल्या वस्तूंची वही काढली. वस्तू: मानपत्र, एक. मालक: एक जुना वाचक. ‘नेल्याची सही’ हा रकाना त्याने कोरा सोडला आणि मानपत्र कागदात गुंडाळून खालच्या खणात ठेवलं, दोन छत्र्या आणि एका चष्म्याशेजारी.

मग खिडकीतून म्हणाला, “पुढचे कोण? पुस्तक द्या.”